पुनाजी कोंडवाड्यात

"कोणाचा आहे हा सांड?" नगरपरिषदेच्या भोयर बाबूनं विचारलं.

कोंडवाड्याच्या फाटकापाशी अर्धं आखरखेडा गोळा झालं होतं. एरवी आमच्या गावात एकाला विचारलं तर चौघं उत्तर देतात आणि पाचवा त्या चौघांना खोटं पाडतो. त्या दिवशी मात्र कोणी ब्र काढला नाही. कोणी आपल्या चपलेकडे बघत होतं, कोणी उगाच खोकत होतं. आणि आत, गजांच्या पलीकडे, पांढरेशुभ्र, मान खाली घालून माझे बाबा उभे होते.

बाबा म्हणजे तो सांड. तोंड वाकडं करू नका, माझं डोकं ठिकाणावर आहे. आमच्या गावची रीत सांगितल्याशिवाय तुम्हाला हे कळायचं नाही, म्हणून आधी ती सांगते.

आखरखेडा हे गवळ्यांचं गाव, आर्वीच्या वरच्या अंगाला. शेती नावापुरती, पोट सगळं गाईंवर. पांढऱ्या गवळाऊ गाई, दूध, खवा आणि बैलांचा बाजार. गावात जुनी घरं चार, त्यातलं एक आमचं, खडक्यांचं. या चार घरांतला कर्ता पुरुष गेला की तेरवीच्या दिवशी गोठ्यातला सगळ्यात देखणा गोऱ्हा निवडायचा, त्याच्या मांडीवर घराचा डाग द्यायचा आणि आखरावर, म्हणजे गावाची ढोरं सकाळी जिथं जमतात तिथं, त्याला नेऊन मोकळं करायचं. गेलेल्याची बायको म्हणते, "सोडला." तीनदा म्हणते. तेव्हापासून त्या गोऱ्ह्याला मेलेल्या माणसाचं नाव, आणि तो कोणाचाच नाही. वेसण नाही, दावं नाही. ज्या शेतात शिरेल तिथं खाईल, जिथं बसेल तिथून त्याला कोणी उठवणार नाही. गावातल्या सगळ्या गाई त्याच्या. घरच्यांनी मात्र त्याला हात लावायचा नाही, खाऊ घालायचं नाही, आणि 'आमचा' तर चुकूनही म्हणायचं नाही. म्हटलं की गेलेला माणूस परत अडकला.

म्हणून आमच्याकडे गावाचा इतिहास विचारा, माणूस सन सांगणार नाही, सांड सांगेल. गाव कोणी वसवलं? बिरजाजी खडके कळप घेऊन आला आणि नदीकाठी मेला; त्याचा सांड जिथं जाऊन बसला तिथं गाव झालं. मोठा पूर कधी आला? उरकुडाजी अवथळ्याच्या वेळी. सांड टेकडीवर चढला, कळप त्याच्या मागं चढला, म्हणून गाई वाचल्या. गोऱ्या साहेबाचा तंबू उधळला तो माझा आजा, चिंधाजी. आजी सांगायची, "तुह्या आज्यानं साहेबाचा तंबू फाडला, साहेब लेंग्यावर पळाला." लहानपणी मला वाटे, आजा भलताच दांडगा असणार. पुढं कळलं की आजा जन्मभर दम्यानं बेजार होता आणि तंबू फाडला त्याच्या सांडानं, तोही आजा मेल्यावर.

गाईंचं कूळ असंच सांगायचं. ही चिंधाजीची नात, ती उरकुडाजीची पणती. शेजारच्या घरचे नाना अवथळे आमच्या ओसरीवर पान खाता खाता चिडवायचे, "आमच्या बुढ्याच्या पोरी तुमच्या गोठ्यात नांदून राहिल्या, आमाले व्याह्याचा मान द्या." आणि बाबा म्हणायचे, "घ्या ना मान, पण हुंडा वापस मागू नका."

बाबांचं नाव पुनाजी. दोन वर्षं ते लकव्यानं बाजेवर पडून होते. मी तोवर लग्न होऊन पुलगावकडे गेले होते. अधूनमधून येऊन बघून जायचे. उजवं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, डोळे तेवढे जागे. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, सुटले बिचारे. तेरवीला मायनं आखरावर गोऱ्हा सोडला. तिनं "सोडला" म्हटलं ते इतक्या मोठ्यानं की झाडावरचे बगळे उडाले. माझी माय हळू बोलणारी बाई. मला तेव्हा नवल वाटलं होतं, पण दुःखात माणूस काहीही करतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

तो गोऱ्हा मोठा होऊन काय सांड झाला! खांद्याशी उभं राहिलं तर पलीकडचं दिसू नये. पण गरीब. पोरं त्याच्या शिंगांना वासरांच्या घुंगुरमाळा अडकवत. सकाळी दारोदार फिरायचा आणि ज्याच्या त्याच्या दारात भाकर खायचा. आमच्या दारात आला की माय डोक्यावरचा पदर पुढं ओढून आत जायची, नवरा आल्यावर जायची तशीच. खायला घालायचं नाही ना! मग शेजारच्या सरूबाईकडे गुपचूप दोन भाकरी पोचत्या व्हायच्या. "तुह्या दारात आला तं देजो वो," माय म्हणायची. सरूबाई साऱ्या गावात सांगत फिरायची, "पुनाजीले माहीच भाकर गोड लागते बाप्पा!" आणि माय हसायची. त्या तीन वर्षांत ती जितकी हसली तितकी मी तिला आधी हसताना पाहिली नव्हती.

घोडं अडलं ते नव्या वस्तीपाशी. गावाला नगरपरिषद झाली, कचेऱ्या आल्या, बाहेरगावचे नोकरदार आले, आखराच्या अंगाला त्यांची घरं झाली. आता पुनाजी सुटल्यापासून जिथं बसत होता तिथून डांबरी रस्ता गेला तर त्याला कोण सांगणार? एक कारकून स्कूटरवर आला, हॉर्न वाजवत राहिला. पुनाजी उठला, आणि उठता उठता त्याचा कारकुनाला धक्का बसला. बिचाऱ्याचा पाय दोन जागी मोडला. त्याला तरी काय दोष द्यायचा? त्याला कुठं ठाऊक, की रस्त्यात खडक्यांचा बाप बसला आहे.

तक्रार झाली. परिषदेची माणसं जाळी घेऊन आली. ज्याला जन्मात कोणी दोर दाखवला नव्हता तो आधी जाळीत तोंड घालून हुंगत उभा राहिला म्हणे. खेळ वाटला असेल त्याला.

माझा धाकटा भाऊ दिवाकर मला घ्यायला आला. "ताई, माय जेवली नाही. परवापासून कोंडवाड्याच्या भिंतीशी बसून आहे." रस्त्यात त्यानं नियम सांगितला. सोमवारी दुपारपर्यंत मालकानं यायचं, दंड भरायचा आणि सांड घेऊन जायचं. कोणी आलं नाही तर मोकाट सांड म्हणून ढोरांचा डॉक्टर त्याला खच्ची करणार आणि मग लिलाव.

"खच्ची?" मी म्हणाले.

तुम्हाला सांगते, मला तर अंगावर कोणी उकळतं दूध ओतावं तसं झालं. गावातल्या प्रत्येक गोठ्यात त्याची वासरं होती. बिरजाजीपासून चालत आलेलं ते, आणि डॉक्टर एका चिमट्यानं संपवणार.

रविवारी दुपारी ओसरीवर आम्ही बसलो. मी, दिवाकर, नाना अवथळे, सरूबाई. माय भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून.

"नाना, तुमी म्हणा ना तुमचा आहे म्हणून," दिवाकर म्हणाला. "दंड मी देतो. कागदावर तुमचं नाव राहू द्या."

नानांनी तोंडातलं पान थुंकलं. "दुसऱ्याच्या बापाले आपला बाप म्हणू? या वयात? लोक शेण घालतील माह्या तोंडात."

"पण सांड वाचंल ना!"

"अरे, पण पुनाजी कुठी जाईल? माह्या घरी अडकून बसंल. माह्या पोरांच्या मागं लागंल. नाही गा बाबू. भाऊबंदासाठी जीव देईन, हे नाही होत."

"तं मी म्हणतो," दिवाकर म्हणाला. "आमचा आहे, म्हणतो आन घेऊन येतो. काय होईल ते होईल."

मायनं डोळे उघडले. "म्हण. पहिले मले घराबाहेर काढ, मंग म्हण."

दिवाकर उठून गोठ्यात गेला. आतून त्याचं हुंदके देणं ऐकू येत होतं आणि आम्ही सगळे ते न ऐकल्यासारखं करत बसलो होतो.

मग सरूबाईला सुचलं. सरूबाई म्हणजे एरवी नुसती बडबड, पण त्या दिवशी तिनं मांडीवर थाप मारली आणि माझ्याकडे बोट केलं. "अवं, शेवंता कुठी खडक्याची राह्यली? तिचं कूळ बदललं, गोत्र बदललं. ती म्हणंल, माह्या सासरचा सांड आहे, चुकून इकडं आला. खडक्यानं म्हटलं नाही, सुटलेला पुनाजी सुटलेलाच राह्यला. हाय का नाही?"

नानांनी नवं पान काढून चुना लावला. "हे चालते," ते म्हणाले. "पोरगी परक्या घरची. याले रीतीत खोट नाही."

माझा जीव भांड्यात पडला. सासरी काय सांगायचं ते पुढचं पुढं. मी मायकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. आमच्याकडे बाईमाणूस बोललं नाही की ते हो समजायची पद्धत आहे. तीच पद्धत आम्ही मायला लावली, मी बाई असून लावली.

आणि मग सोमवारची दुपार, कोंडवाड्याचं फाटक, आणि भोयर बाबूचा प्रश्न.

"शेवटचं विचारून राहिलो," बाबू म्हणाला. माणूस वाईट नव्हता, कपाळावरचा घाम पुसून पुसून त्याचा रुमाल काळा झाला होता. "डॉक्टर येऊन बसले आहेत. कोणाचा असंल तं सांगा."

मी पुढं झाले. "साहेब, हा..."

माझं मनगट मागून कोणी तरी धरलं. माय होती. म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"बाबू," ती म्हणाली, "हिनं आपला म्हटला तं मोकळा द्याल?"

"मोकळा कसा देऊ, मावशी? नाकात वेसण घालून देईन. हे माणसं त्याच्यासाठीच आहेत. आन घरी बांधून ठेवतो म्हणून लिहून द्या लागते. पुन्हा रस्त्यावर दिसला तं..."

"इथीच घालाल वेसण?"

"इथीच."

"आन घरी दाव्याले?"

"दिवस-रात्र."

मायनं मान हलवली, आणि मला ओढत कडुनिंबाखाली घेऊन गेली. मी चिडले होते. वेळ चालला होता, आत डॉक्टर कसलीशी पेटी उघडत होता.

"माय, बांधू तं बांधू! जीव तं राहील. मी पोटच्या पोरावानी पाहीन त्याले. चारा देईन, पाणी देईन..."

"मी बी दिलं," माय म्हणाली. "चारा-पाणी सगळं दिलं. बांधून."

"कोणाले?"

"तुह्या बापाले."

मला कळेना. ती माझ्याकडे बघत नव्हती. आत त्या सांडाकडे बघत होती.

"सकाळी कळप निघाला, घंटा वाजली की उठाले पाहे," ती म्हणाली. "अर्ध्या अंगानं. दोनदा पडला, डोकं फुटलं. मी आन दिवाकर गोठ्यात, त्याच्यापाशी कोण? म्हणून म्या बांधला. दाव्यानं, बाजेले. छातीवरून आन पायावरून. दोन वरसं, शेवंते. तुमी पाहुणे येत तवा सोडत होतो."

"माय..."

"एकच शब्द राह्यला होता त्याच्या तोंडात. तुमाले वाटे तो नुसता घरघरते. तो 'सोड' म्हणे. मी जवळ गेली की 'सोड'. भाकर भरवली की 'सोड'. कसा सोडू? पडला असता ना! डोकं फुटलं असतं ना!"

मी दिवाकरकडे पाहिलं. तो लांब उभा होता, पण आम्ही काय बोलतो ते त्याला कळलं होतं. त्यानं तोंड फिरवलं.

तिनं दुसरं काय करायला हवं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि आता मी तिच्या वयाची झाले तरी सुचत नाही. बाजेजवळ बसायला माणूस हवं होतं आणि माणूस नव्हतं. गाई पिळल्या नसत्या तर त्याच्या औषधाला काय राहिलं असतं?

"पण माय, ते बी बांधतीलच ना," मी म्हणाले. माझा आवाज रडका झाला होता. "खच्ची करून, लिलाव करून, कोणी तरी बांधीलच त्याले. आपण काही केलं नाही तं त्याचं आणखीच वाईट होईल."

"हो," ती म्हणाली. "बांधतील. जनमभर बांधतील. पण परके बांधतील. बांधायचाच असंल तं परक्यानं बांधू दे. मी एकदा बांधला."

ती फाटकाकडे परत गेली. गाव बाजूला झालं. भोयर बाबू कागद घेऊन उभाच होता.

"काय ठरलं, मावशी? कोणाचा लिहू?"

"कोणाचाच नाही," माय म्हणाली.

"नीट विचार करा. या मांडीवरचा डाग तुमच्या घरचा आहे, मले माहीत नाही का? तुमी हो म्हणा, मी दंडाचं पाहून घेईन."

"नाही बाबू. कोणाचाच नाही."

बाबूनं तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग दिवाकरकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हा म्हणेल, चला घेऊन जा, कशाला वेसण आणि कशाला कागद. पण तो तरी काय करणार, त्याच्याही डोक्यावर कोणी होतंच. त्यानं उकिडवं बसून कागद गुडघ्यावर ठेवला आणि लिहिलं: बेवारस. मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे मागून कोणी तक्रार करू नये. पुनाजीचा मुलगा तिथं उभा होता, मुलगी उभी होती, बायको उभी होती, आणि आम्ही तिघांनी ते ऐकून घेतलं.

त्यानंतर आखरखेड्यात कोणी सांड सोडला नाही. नाना गेले तेव्हा त्यांच्या पोरांनी एक चांदीचा सांड करून ब्राह्मणाला दिला. आता डॉक्टर सुईतून बीज आणतात, कुठल्या कुठल्या देशाचं. गाई धिप्पाड झाल्या, दूध वाढलं, रागावण्यासारखं त्यात काही नाही. फक्त पोराबाळांनी गावाची कथा विचारली की म्हातारी माणसं बिरजाजीपासून सुरू करतात, पूर सांगतात, तंबू सांगतात, आणि पुनाजीपर्यंत आली की तंबाखू मळायला लागतात.

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी डॉक्टर उठला. चार माणसं दोर घेऊन आत गेली. गाव हळूहळू पांगलं, कोणाला बघवणार होतं? नाना काठी टेकत निघून गेले. सरूबाई पदरात तोंड घालून गेली. दिवाकर तर आधीच दिसेनासा झाला होता.

माय फाटकापासून हलेना. आत दोर पायात पडला, सांड आडवा झाला, आणि पहिल्यांदा ओरडला. मी कानांवर हात ठेवले.

"माय, चाल घरी. पाहू नको."

"तू जाय."

"अवं, तू इथी थांबून काय करशीन? काही होणार आहे काय तुह्यानं?"

"काही नाही होणार," ती म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी गज धरले होते. "तुहा बाप गेला तवा मी धार काढाले गेली होती. आली तं तो तसाच होता, बांधलेला."

डॉक्टरनं हात धुऊन पेटी बंद केली तोवर ती तिथंच उभी होती, आणि मी तिच्याजवळ.